पत्त्यावर नसलेल्या डॉक्टर पाटील

आमच्या हिच्या मते मी आयुष्यभर पुस्तकांवरची धूळ झटकली आणि सरकारनं त्याचा मला पगार दिला. अगदीच खोटं नाही. धुळ्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. उन्हाळ्यात वावटळ उठली की खिडक्या लावूनही शरीररचनेच्या ग्रंथांवर बोटानं सही करता येईल इतकी धूळ बसायची. पण या अंकाच्या संपादकांनी ‘नोकरीतलं काही लिहा’ म्हटलं तेव्हा मला धूळ आठवली नाही, एक चूक आठवली. चूक माझी होती आणि मी ती अतिशय सभ्यपणे केली होती.

आमची गिऱ्हाइकं तऱ्हेवाईक. एक सर्जनसाहेब दर शनिवारी जेवण झाल्यावर येत, एकच जाडजूड ग्रंथ मागून घेत, पित्ताशयाचं पान उघडत आणि त्यावर हात ठेवून तासभर घोरत. दुसरे एक प्राध्यापक रोज विचारत, “नाना, ते हिरवं पुस्तक सापडलं का?” दोन वर्षं मी कपाटं उपसली. शेवटी ते त्यांच्याच घरी निघालं, आणि तांबडं होतं. नेमून दिलेल्या पुस्तकांपलीकडे मात्र फारसं कोणी जात नसे. परदेशी नियतकालिकं बोटीनं चार-चार महिने उशिरा येत, मी त्यांच्यावर शिक्के मारी, वर्षाच्या शेवटी बांधणीला पाठवी आणि ती मांडणीवर उभी राहत. त्यांची पानं उलगडणारं माणूस माझ्या नोकरीत मी एकच पाहिलं. तिचं नाव कुसुम तुकाराम पाटील.

कुसुम माझ्याच जामनेर तालुक्याची, शाळामास्तरांची मुलगी. एम.डी. करून ती आमच्याकडे सूक्ष्मजीवशास्त्र विभागात शिकवायला आली. पहिल्याच आठवड्यात माझ्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, “नाना, कुष्ठरोगावरचं आणि रोगप्रतिकारशक्तीवरचं जे जे असेल ते सगळं द्या.” मी म्हटलं, “सगळं म्हणजे किती?” तर म्हणे, “तुम्ही थकाल तितकं.” तेव्हापासून मी तिला मॅडम म्हणायचो आणि मनात पोर म्हणायचो.

तिचा प्रश्न मलासुद्धा समजला, म्हणजे तो सोपाच असणार. एका घरात, एका गोधडीत चार माणसं झोपतात. एकाला कुष्ठरोग होतो, तिघांना होत नाही. त्या तिघांच्या अंगात असं काय असतं? शरीर शत्रूला ओळखतं की नाही, हे पाहायला हाताच्या कातडीत मेलेल्या जंतूंची एक टोचणी द्यायची. तिथे गाठ उठते का, ते तीन-चार आठवड्यांनी जाऊन पाहायचं. टोचणं सोपं होतं, पण महिन्याभरानं ते माणूस सापडायला हवं ना! पिंपळनेरच्या पलीकडचे पाडे ते. टोचून घेतलेला हात तोवर गुजरातेत मजुरीला गेलेला असे. ही बाई एसटीनं जायची, पुढे चालत जायची, आणि दारादारांत विचारायची. एका पाड्यावर मीही रजा टाकून तिच्याबरोबर गेलो होतो. घरात म्हातारी एकटीच होती. “पोऱ्या कामले गुजरातमा जायेल शे,” असं सांगून तिनं स्वतःचा हात पुढे केला, “पन मना हात दख, बाई. तू टोचेल जागाले मी पानी लागू दिधं नही.” महिनाभर त्या म्हातारीनं मनगटाच्या वर पाणी लागू दिलं नव्हतं. तसं करायची काही गरज नव्हती, पण कुसुमनं तसं सांगितलं नाही. खाली बसून पट्टीनं गाठ मोजली, वहीत लिहिली आणि म्हणाली, “मावशी, तुझ्याइतकं नीट कोणीच सांभाळलं नाही.”

तीन वर्षं असं केल्यावर सहा पानांचा शोधनिबंध झाला. ग्रंथालयाच्या टंकलेखन यंत्रावर मीच तो टंकला, आलेख तिनं काळ्या शाईनं काढले. शीर्षकाखाली ‘के. टी. पाटील’ आणि आमच्या महाविद्यालयाचा पत्ता टंकताना मला उगाच वाटलं की आपणही थोडे कुष्ठरोगतज्ज्ञ आहोत. परदेशातल्या एका नियतकालिकानं तो छापला. त्यानंतर दोनच महिन्यांनी तिचं लग्न झालं.

नवरा धुळ्यातलाच, विजय देवरे, बँकेत. माणूस सज्जन. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचं, ही आपल्याकडची रीत. नाव तिच्या सासूनं, अक्कांनी, आधीच ठरवलं होतं. विजयरावांनी ‘मंजिरी’ लिहिलं, फोटोवाल्यानं फोटो काढला, आम्ही टाळ्या वाजवल्या आणि मी जिलबी खाऊन घरी आलो. नाव बदललं, बापाचं नाव गेलं, आडनाव गेलं. पुढच्या महिन्यात विभागाच्या दारावर पाटी लागली, डॉ. सौ. मंजिरी विजय देवरे. कोणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. मला तर पाटी छान वाटली होती.

आता थोडं आमच्या धंद्यातलं सांगतो, कारण चूक तिथेच आहे. त्या काळी झेरॉक्सची सोय जगात सगळीकडे नव्हती. कोणाचा निबंध हवा असला की लोक लेखकालाच कार्ड टाकत, ‘आपल्या लेखाची एक प्रत कृपया पाठवावी.’ जर्मनीतून, ब्राझीलमधून, जपानमधून अशी छापील कार्डं येत. शोधकाला ती कार्डं म्हणजे आपलं काम कोणीतरी वाचतंय याची पावती. दुसरी पावती त्याहून मोठी. कोणी नवा निबंध लिहिला की शेवटी यादी देतो, मी अमुक अमुक लोकांच्या कामावर उभा आहे म्हणून. त्या यादीत तुमचं नाव येणं म्हणजे उल्लेख. जळगावला बाजारात वांगी घेताना माणूस विचारतो, कोणाच्या मळ्यातली? चार गावांत चार माणसं एकाच मळ्याचं नाव घ्यायला लागली की भरीत कसं होणार ते कळतं. उल्लेखाचं तसंच आहे.

लग्नानंतर ती महिनाभर रजेवर होती तेव्हा के. टी. पाटील यांच्या नावानं पहिलं परदेशी कार्ड आलं. मी हौसेनं सायकल काढली आणि देवऱ्यांच्या घरी गेलो. दार अक्कांनी उघडलं. उंच, ताठ बाई, कपाळावर मोठं कुंकू. मी म्हटलं, “डॉक्टर पाटलांचं कार्ड आलंय, परदेशातून.”

अक्कांनी कार्डाकडे पाहिलंसुद्धा नाही. “आठे पाटील कोनी नही,” म्हणाल्या. “हाई देवरेस्नं घर शे.”

आणि दार लावलं.

मी ओशाळलो. वाटलं, आपण केवढा अविचार केला. नव्या सुनेच्या दारात माहेरच्या नावाची पत्रं नाचवत आलो! आपल्यामुळे पोरीच्या संसारात विघ्न नको. मी परत आलो, आवक-जावकच्या कारकुनाला बोलावलं आणि सांगितलं की यापुढे डॉ. के. टी. पाटील यांच्या नावानं काही आलं तर ‘पत्त्यावर नाहीत’ असा शेरा मारून परत पाठवत जा. तो कारकून तसा आळशी, पण हे एक काम त्यानं वर्षानुवर्षं चोख केलं. मीही कुसुमला काही बोललो नाही. बोललो असतो तर सासूचं बोलणंही सांगावं लागलं असतं. मला तेव्हा स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

वर्षं गेली. मंजिरी मॅडमनी आणखी दोन निबंध लिहिले, नव्या नावानं. मुलगी झाली. ग्रंथालयात येणं कमी झालं. एकदा नियतकालिक चाळता चाळता मला म्हणाली, “नाना, तो पाड्यांवरचा निबंध आठवतो? विहिरीत दगड टाकावा आणि आवाजसुद्धा येऊ नये, तसं झालं. एक कार्ड नाही आलं हो.” मी मांडणीकडे तोंड करून शिक्के मारत राहिलो. लेख जुना झाला, असतं एकेकाचं नशीब, अशी मी माझी समजूत घातली.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्याकडे प्रपाठकाची जागा निघाली. ती जागा मिळाली तर तिचं पाड्यांवरचं काम पुन्हा सुरू होणार होतं, माणसं मिळणार होती, गाडी मिळणार होती. नाही मिळाली तर ती नोकरी सोडून गल्ली नंबर चारमध्ये रक्त-लघवी तपासायची लॅब टाकणार होती. जागा बघून ठेवली होती. मुंबईच्या निवड समितीनं त्या वर्षी नवीनच अट घातली. नुसते निबंध मोजणार नाहीत, इतरांनी किती उल्लेख केले तेही दाखवा.

कुसुम माझ्यासमोर अर्ज ठेवून बसली. “उल्लेखाच्या रकान्यात शून्य लिहिते, नाना. खोटं कशाला?”

मी म्हटलं, “थांबा. मी बघून येतो.”

मुंबईच्या एका मोठ्या ग्रंथालयात उल्लेखांच्या सूचीचे खंड होते. दोन हातांनी उचलावे लागावेत असे, आणि अक्षर मुंगीएवढं. कोणाच्या निबंधाचा कोणी, कुठे उल्लेख केला ते आडनावावरून शोधायचं. मी तीन दिवसांची रजा टाकून भिंग घेऊन गेलो. ‘पाटील के. टी.’ काढलं तर अर्धा स्तंभ भरलेला! पण आनंद टिकला नाही. एक के. टी. पाटील उसाच्या रोगावर, एक सिमेंटवर, एक दातांच्या किडीवर. खानदेशात दगड फेकला तर पाटलाला लागतो, जगात गेला तरी पाटीलच तो. मग प्रत्येक नोंदीचं नियतकालिक, खंड, पान ताडून पाहत बसलो. ऊस बाजूला, सिमेंट बाजूला, दात बाजूला. जे उरलं ते आमचं. बोटं मोजायला पुरेनात तेव्हा कागदावर रेघा मारायला लागलो. ब्राझील, इथिओपिया, नॉर्वे, नेपाळ. वर्षामागून वर्षं. आवाज येत होता, विहीर भरून आवाज येत होता, आणि मी एकटाच तिथे भिंग घेऊन तो ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी त्यातला एक निबंध बाहेर काढून वाचला. इंग्रजी मला बेताचं, पण शेवटचे आभार मी नेहमी वाचतो, तिथे माणसं असतात. त्यात लिहिलं होतं की या पाहणीत डॉ. के. टी. पाटील यांनी सामील व्हावं म्हणून आम्ही तीनदा पत्रं पाठवली, पण त्या पत्त्यावर मिळाल्या नाहीत.

मी भिंग खाली ठेवलं. समोर एक शिपाई पंखा पुसत होता, त्यानं विचारलं, “काका, पाणी देऊ?”

मुंबईहून परतीच्या बसमध्ये मी ठरवलं की उल्लेखांचा कागद द्यायचा आणि बाकीचं गिळून टाकायचं. सोनगीरचा किल्ला दिसेपर्यंत माझा निर्णय पक्का होता. खरं तर सोनगीरला यायचं काही कारण नव्हतं. डोळा लागला, धुळे गेलं, आणि कंडक्टरनं मला तिथे उतरवून दिलं. उलट्या गाडीची वाट पाहत हमरस्त्यावर तासभर उभा राहिलो, तेवढ्यात निर्णय ढासळला.

कुसुमनं कागद पाहिला. तिचे डोळे भरून आले. “इतके? नाना, इतके? मग मला कोणी लिहिलं कसं नाही?”

मी सगळं सांगितलं. कार्ड, सायकल, दार, कारकून, ‘पत्त्यावर नाहीत’. तीन पत्रं.

तिनं कागदाची घडी घातली. मग अगदी हळू म्हणाली, “तुम्ही टंकलं होतं ना ते? माझं नाव तुमच्या हातांनी टंकलं होतंत.”

“तुमच्या भल्यासाठी...”

“माझ्या भल्याचं मला विचारायचं होतं, नाना.”

ती उठून गेली. यादीची नक्कल जोडून तिनं अर्ज धाडला, पण तीन आठवडे ग्रंथालयाकडे फिरकली नाही; तिकडची खबर मला विभागाच्या शिपायाकडून कळे. मला जेवण जाईना. आमची ही म्हणाली, सर्दी झाली असेल, आणि काढा केला. काढा प्यालो. काय सांगणार!

त्यात भर म्हणून समितीचं पत्र आलं. उल्लेख के. टी. पाटील यांचे, अर्जदार एम. व्ही. देवरे, दोन्ही व्यक्ती एकच असल्याचा पुरावा जोडावा. आता पुरावा कुठून आणायचा? लग्नाची नोंदणी केलेली नव्हती. पत्रिकेत वधू कुसुम होती, नंतरच्या सगळ्या कागदांवर मंजिरी. महाविद्यालयाच्या सेवापुस्तकात जुनं नाव खोडून वर नवं लिहिलेलं, पण खाली कोणाची सही नाही. दोघींना जोडणारा दस्तऐवज तेवढा तांदळात लिहिलेला होता, आणि ते तांदूळ केव्हाच शिजले होते. ताटाचा फोटो मिळाला, पण फोटोवाल्यानं नेमकी नवऱ्याची बोटं टिपली होती, नाव बोटांखाली. वकील म्हणाले, नाव बदललं तेव्हा हजर असलेल्या सासरच्या माणसानं प्रतिज्ञापत्र करावं. विजयराव बँकेच्या प्रशिक्षणाला दूर गेलेले, मुदत चार दिवसांची.

मुदतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथालयाच्या दारात कुसुम उभी होती. मागे अक्का.

अक्का सरळ माझ्या टेबलाशी आल्या. “तो कार्डवाला तूच ना?”

मी उभा राहिलो. “हो, अक्का.”

“मी दार लावं व्हतं. तू परत येवाले पाहिजे व्हता.” मग खुर्चीवर बसल्या. “आते दखाड. मनी सूननं नाव कोठे कोठे शे ते.”

मी उल्लेखांचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांना वाचता येत नव्हतं. मी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून देशाचं नाव सांगत गेलो. नेपाळ त्यांना माहीत होता, बाकीच्या वेळी मान डोलवत होत्या. शेवटी म्हणाल्या, “बठ्ठा तिनाच शेतस?”

“सगळे तिचेच.”

“आनि मी म्हनं, पाटील कोनी नही.” अक्का रडल्या नाहीत, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. कुसुम त्यांच्याकडे पाहत होती, माझ्याकडे नाही.

आम्ही तिघं कचेरीबाहेरच्या टंकलेखकाकडे गेलो. तो लिंबाच्या झाडाखाली यंत्र मांडून बसलेला. अक्का सांगत गेल्या, तो प्रमाण भाषेत टंकत गेला. ‘मी लिहून देते की माझी सून मंजिरी हिचं लग्नापूर्वीचं नाव कुसुम. नवं नाव मी स्वतः ठेवलं.’ टंकलेखकानं सवयीनं विचारलं, “का बदललं, काही कारण?”

अक्का त्याच्याकडे बघतच राहिल्या. “कारन? मनं बी बदलं व्हतं. माले कोनी कारन सांगं नही.” आणि म्हणाल्या, “सरू नाव व्हतं मनं. आते ते माहीत असनारं कोनी जित्तं नही.”

कुसुमनं अक्कांच्या खांद्यावर हात ठेवला. मग अक्का म्हणाल्या, “लिख पुढे. तिनी पहिले जे लिखं, ते बी तिनंच शे. लगीन व्हयनं म्हनून ते दुसरानं व्हत नही.” हे वाक्य प्रतिज्ञापत्राच्या नमुन्यात बसत नाही असं तो म्हणाला. मी त्याला म्हटलं, बसव.

समितीनं ते मान्य केलं. नेमणुकीचं पत्र आलं, त्यात छापलं होतं, डॉ. मंजिरी विजय देवरे, पूर्वाश्रमीच्या डॉ. कुसुम तुकाराम पाटील. त्यातलं ‘पूर्वाश्रमीच्या’ वाचून कुसुम हसली, म्हणाली, “संन्यास घेतल्यासारखं वाटतंय.” पाड्यांवरचं काम पुन्हा सुरू झालं, गाडीसुद्धा मिळाली, तिचं इंजिन पिंपळनेरपर्यंत टिके. त्या परदेशी लोकांना मी माझ्या हातानं पत्र लिहिलं आणि माफी मागितली. त्यांनी सभ्य उत्तर पाठवलं. पण ती पाहणी संपली होती, तिच्यात कुसुमचं नाव व्हायचं ते झालं नाहीच. याची मला अजून खंत वाटते. ती मला माफ केलं म्हणते, पण त्या विषयावर बोलणं टाळते, आणि ते रास्त आहे.

नेमणुकीचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती सकाळीच ग्रंथालयात आली. मी मासिकांवर शिक्के मारत होतो. माझ्यासमोरची खुर्ची ओढून बसली, आठ-नऊ महिन्यांनी पहिल्यांदाच.

“नाना, आज गंमत झाली. मी खोलीत आवरत होते. स्वयंपाकघरातून हाक आली, ‘कुसुम, चा ठंडा व्हई राह्यना.’ मला वाटलं माहेरून कोणी आलंय. दोनदा हाक आली तरी मी जागची हलले नाही. मग बाहेर येऊन बघते तर अक्का कपात चहा ओतत होत्या.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय, बसले त्यांच्याजवळ. आणि म्हटलं, सरूबाई, तुम्हीबी घ्या.”